पहिलीच्या पोरांना पहिलीच्या मापाचे बेंच द्या : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि खरेदी समितीचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांसाठी बेंच खरेदीचं टेंडर निघालंय. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, अटी वाचल्या, जोडलेलं ड्रॉइंग बघितलं, आणि गप्प बसवेना म्हणून हे लिहितेय. अर्ज आधी रीतसर दिला होता, त्याची पोच मिळाली पण उत्तर काही आलं नाही. आणि हा पैसा सगळ्यांचा आहे, पोरं सगळ्यांची आहेत, म्हणून आता पत्र उघडपणे लिहिलंय, पालकांनी वाचावं, गुरुजींनी आणि बाईंनी वाचावं, सरपंचांनी वाचावं.

माझा यात काय संबंध ते आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. आमचं तालुक्याच्या गावी वर्कशॉप आहे. वडील सुतार, रंधा आणि पटाशीवर आयुष्य गेलं त्यांचं. मी आणि भाऊ त्याच शेडमध्ये आता सीएनसी राऊटर चालवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं आणि मशीन ८ बाय ४ ची प्लायची शीट त्या ड्रॉइंगप्रमाणे कापून देतं, मग भाग एकमेकांत बसवून फर्निचर उभं राहतं. त्यामुळे हो, हे टेंडर मिळालं तर आम्हाला धंदा मिळेल, ते मी लपवत नाही. पण माझी मुलगी जिल्हा परिषदेच्याच शाळेत दुसरीला आहे, आणि टेंडर आम्हाला न मिळता दुसऱ्या कोणाला मिळालं तरी या पत्रातली एकही मागणी मी मागे घेणार नाही, कारण यातली बरीचशी मागणी ही बेंच कोण बनवतो याची नाहीच, बेंच कसा असावा याची आहे.

तर मूळ मुद्दा. टेंडरमध्ये बेंचची उंची, म्हणजे लिहायच्या टेबलाची, एकच दिलीय. ७५० मिलिमीटर. पहिली ते सातवी, सगळ्यांना तीच. आता साहेब, युरोपात शाळेच्या फर्निचरचं एक स्टँडर्ड आहे, ईएन १७२९ नावाचं, त्यात मुलांच्या उंचीप्रमाणे बाकांची मापं ठरवून दिलीत आणि प्रत्येक मापाला एक रंग आहे, म्हणजे शिक्षकाला लांबून बघून कळतं की कुठलं टेबल कोणाचं. १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बसायची जागा ३१ सेंटिमीटरवर आणि टेबल ५३ वर. ११९ ते १४२ वाल्याला ३५ आणि ५९. १३३ ते १५९ वाल्याला ३८ आणि ६४. आणि ७६ सेंटिमीटरचं टेबल, म्हणजे जवळपास तुमच्या टेंडरमधलं, हे त्या तक्त्यात १५९ ते १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी आहे. माणसासाठी म्हणतेय मी, कारण पहिलीतलं पोर साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरचं असतं. आपली मुलं युरोपातली नाहीत, मापं थोडी इकडे तिकडे होतील, ते मान्य, आपल्याकडची मोजून आपली ठरवावीत. पण वीस-बावीस सेंटिमीटरचा फरक हा काही देश बदलल्यामुळे पडत नाही.

एकदा पहिलीच्या वर्गात दहा मिनिटं मागे उभं राहून बघा. त्या उंच बाकावर पोर बसलं की पाय लोंबकळतात, जमिनीला टेकत नाहीत. म्हणून ते पुढे सरकून कडेवर बसतं, म्हणजे पाठ टेकायची सोय गेली. टेबल छातीला येतं, लिहायचं म्हटलं की कोपर खांद्याच्या रेषेत वर उचलायला लागतं, मग थोड्या वेळाने ते कंटाळतं आणि एक गुडघा बाकावर दुमडून घेतं, नाहीतर सरळ उभं राहून लिहितं. आणि बाई म्हणतात नीट बस. ते नीटच बसायला बघतंय हो, बाकच त्याला बसू देत नाहीये.

(काहीजण म्हणतील पहिली-दुसरीच्या मुलांना बाक कशाला, खाली बसू दे. मला ते अगदी पटतं. खाली बसणं वाईट नाही, मांडी घालून बसायला येतंय तोवर बसावं. त्यांच्यासाठी फूटभर उंचीचं बैठं डेस्क द्या, ते पण त्याच प्लायच्या शीटमधून निघतं आणि खर्चही कमी. पण बाक द्यायचाच ठरवलाय तर मापाचा द्या.)

आता एकच उंची का ठेवतात ते मला माहितीये. कारखान्यात पाइप वाकवायचे, वेल्डिंगचे जिग (भाग धरून ठेवणारे साचे) बनवलेले असतात, एका मापाचे हजार नग काढले की स्वस्त पडतं, माप बदललं की जिग बदला, सेटिंग बदला, वेळ जातो. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण आमच्याकडे ही अडचणच नाही, आणि टेंडर काढणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचलेलीच नाहीये असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही ड्रॉइंग पॅरामेट्रिक करतो. म्हणजे बाकाच्या बाजूच्या पाटीवर प्रत्येक रेघ स्वतंत्र काढलेली नसते, रेघा एकमेकींना बांधलेल्या असतात. बैठकीची उंची हा एक आकडा, टेबलाची उंची दुसरा, लांबी तिसरा, प्लायची जाडी चौथा. बैठकीचा आकडा ३१ वरून ३५ केला की बाजूची पाटी आपोआप मोठी होते, खाचा आपापल्या जागी सरकतात, आडपट्टी वर जाते. मग मशीनला नवीन फाइल द्यायची, बस्स. मशीनला पन्नास बाक एकाच मापाचे काय किंवा तीन वेगवेगळ्या मापांचे काय, कापायला सारखाच वेळ लागतो. तीन मापं दिली म्हणून बाक महाग होत नाही. लहान मापाला तर प्लाय कमीच लागतो, नेस्टिंग, म्हणजे शीटवर भागांची दाटीवाटीने मांडणी, नीट जमवलं तर पहिली-दुसरीच्या दोन बाकांचे सगळे भाग एका शीटमध्ये बसतात.

तो जाडीचा आकडा पण साधा नाही बरं का. दुकानात १८ एमएम म्हणून प्लाय मिळतो तो १८ नसतो. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावला की कधी १७.२ भरतो, कधी १७.८, आणि एकाच लॉटमधल्या दोन शीटमध्ये पण फरक सापडतो. खाच १८ ची कापली आणि प्लाय १७.३ चा निघाला की बाक पहिल्या दिवसापासून डुगडुगतो. आणि खाच तंग झाली तर हातोडा मारताना प्लायचे पापुद्रे सुटतात. म्हणून आम्ही शीट मशीनवर चढवायच्या आधी चारी बाजूंनी मोजतो, तो आकडा फाइलमध्ये टाकतो, आणि मग एक छोटा तुकडा कापून बसवून बघतो. हाताने दाबून बसला पाहिजे आणि ओढून सहज निघता कामा नये. मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग इकडे तिकडे झाला तरी हाताला कळतं. मशीनचं बिट, म्हणजे कापणारं पातं, गोल असतं, ६ एमएमचं बिट आतल्या कोपऱ्यात चौकोनी कोपरा काढूच शकत नाही, तिथे ३ एमएमची गोलाई राहते आणि चौकोनी कुसू (खाचेत बसणारं टोक) तिथे अडकतो. म्हणून प्रत्येक आतल्या कोपऱ्यात बिट थोडं जास्त आत घालून गोल खळगी काढायची, डॉगबोन म्हणतात तिला. वडिलांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा म्हणाले की पटाशीने चौकोनी करून देतो, घाण दिसतंय. पण पन्नास बाकांचे शेकडो कोपरे पटाशीने करत बसलो तर झालंच. आता त्यांनी दुसरी गोष्ट शिकवलीय, कुसू आरपार काढून बाहेरच्या बाजूने लाकडी पाचर मारायची, जुन्या पलंगाला असायची तशी. स्क्रू नाही, फेविकॉल नाही. पाचर ढिली झाली की शाळेतला शिपाईसुद्धा दगडाने ठोकून परत घट्ट करू शकतो.

ही सगळी आमच्या डोक्यातून निघालेली अक्कल नाहीये आणि परदेशी थेरं तर त्याहून नाहीत. आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, शाळेत न रमणाऱ्या खेड्यातल्या पोरांना हाताने काम करत शिकवायचं म्हणून. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठाने फॅब लॅबची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीनवर वस्तू बनवायच्या छोट्या वर्कशॉपची, कल्पना काढली, प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी, आणि एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीची जी फॅब लॅब झाली ती २००२ च्या सुमारास या पाबळला. एमआयटीनंतर पाबळ! कुठल्या महानगरात नाही, ज्वारीच्या पट्ट्यातल्या गावात. कुठल्याही गावातल्या पोराला डिझाइन करता यावं आणि ते तिथल्या तिथे बनवता यावं हाच तिचा उद्देश. केरळ सरकारने स्टार्टअप मिशनमार्फत फॅब लॅब काढल्या, इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये छोट्या लॅब दिल्या आणि जानेवारी २०२० मध्ये कोचीला सुपर फॅब लॅब उघडली. आपल्याकडे पाबळला सुरुवात होऊन वीस वर्षं उलटून गेली, आणि आपल्याच जिल्हा परिषदेच्या टेंडरमध्ये या पद्धतीने बनवलेला बेंच बसतच नाही, हे मला मान्य होत नाही.

का बसत नाही ते मुद्द्याने सांगते.

एक म्हणजे स्पेसिफिकेशन. त्यात एमएस (लोखंडी) पाइपची फ्रेम, पाइपचा गेज म्हणजे जाडी, वर प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या भुशाचा) असं सगळं लिहून टाकलंय. म्हणजे बेंचने काय काम करावं हे न लिहिता तो कशाचा असावा हे लिहिलंय. किती वजन पेलावं, किती वेळा ओढला-ढकलला तरी सांधा टिकावा, ओल्या फरशीवर काय व्हावं, दुरुस्ती किती दिवसात व्हावी, यातलं काहीच नाही. आमचा प्लायचा बाक दुप्पट वजन पेलून दाखवला तरी तो पाइपचा नाही म्हणून पहिल्याच टप्प्यात बाद. उद्या कोणी बांबूचा चांगला बाक घेऊन आला तर तोही बाद.

दुसरं, उलाढालीची अट. मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कोटींमध्ये पाहिजे, आणि सरकारी कार्यालयाला असाच माल पुरवल्याचा अनुभव पाहिजे. आता ज्याला कधी संधीच दिली नाही त्याच्याकडे अनुभव येणार कुठून? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअप म्हणजे नवीन उद्योगांना उलाढाल आणि अनुभवाची अट शिथिल करायची सोय आहे, दर्जा आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तर. ते नियम केंद्राच्या खरेदीचे आहेत, जिल्हा परिषदेला जसेच्या तसे लागू होत नाहीत, एवढं मला कळतं. पण त्यामागचा विचार घ्यायला कोणी अडवलंय का? दर्जात सूट नकोच आहे आम्हाला. दर्जा कडक ठेवा, आणखी कडक करा.

याच मुद्द्यावर अजून एक. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत आणि सुतार त्यात आहे. प्रशिक्षण, टूलकिटसाठी १५ हजार, ५ टक्क्यांनी कर्ज. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी सुतारांनी नाव नोंदवलं. चांगलीच योजना आहे, वडिलांचं कार्ड आहे. पण हत्यारं दिली आणि काम नाही दिलं तर ती हत्यारं पेटीत पडून राहणार. एकीकडे सरकार सुताराला उभं करायला पैसे देतंय आणि दुसरीकडे सुताराच्या गावातल्या शाळेचा बेंच शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतोय.

तिसरं, अख्ख्या जिल्ह्याचा एकच लॉट. सगळ्या तालुक्यांचा माल एकाच पुरवठादाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचा. आमच्यासारखी छोटी वर्कशॉप, फॅब्रिकेशनवाले, सुतार, आम्ही एक केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) किंवा एक तालुका नक्की घेऊ शकतो, जिल्हा नाही घेऊ शकत. लॉट तालुक्यावर फोडला तर किमान आम्ही रांगेत उभे तरी राहू.

चौथ्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. दुरुस्ती. टेंडरमध्ये एक वर्षाची वॉरंटी आहे आणि त्यापुढे काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या मागे जा, व्हरांड्याच्या टोकाला किंवा जुन्या खोलीत मोडक्या बाकांचा ढीग सापडेल. मी आमच्या शाळेतला ढीग उपसून बघितलाय. पाइप बहुतेक ठिकाणी चांगला आहे, मोडलंय ते वेल्डिंग, पायाच्या सांध्याजवळ. आणि वरचा पार्टिकल बोर्ड, पावसाळ्यात कडेने पाणी प्यायला, फुगला, लॅमिनेट उचललं गेलं आणि आतला भुसा हाताने निघतो. म्हणजे नव्वद टक्के बाक शाबूत आणि दहा टक्क्यासाठी अख्खा भंगारात. मुख्याध्यापकांना वेल्डिंगवाला शाळेत आणायचा तर खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा हा प्रश्न, निर्लेखनाचा, म्हणजे बाक भंगारात काढायचा, प्रस्ताव करायचा तर त्याची फाइल वेगळी, म्हणून ढीग तसाच राहतो आणि पोरं तीन-तीन जण एका बाकावर बसतात.

आमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून आमच्याकडून पहिलीच्या वर्गाचे बाक करून घेतले. बाईंनी मुलांना भिंतीला उभं करून उंची घेतली, आणि खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या वळणापासून जमिनीपर्यंतचं माप फूटपट्टीने घेतलं, बैठकीची उंची त्यावरून ठरते. काही महिन्यांनी मधल्या सुट्टीत मोठ्या पोरांनी त्यातल्या एका बाकावर चढून उड्या मारल्या आणि खालची आडपट्टी मोडली. मुलं आहेत, होणारच. बाईंनी फोन केला, बाकाच्या पायाच्या आतल्या बाजूला मशीननेच कोरलेला नंबर वाचून दाखवला, त्या नंबरवरून फाइल उघडली, तेवढी एकच पट्टी कापली आणि दुपारी माझी मुलगी घरी येताना भाऊ जाऊन बसवून आला. बाकीचा बाक जागचा हलवला पण नाही. मला हेच जिल्हाभर हवंय. मोडेल तो भाग बदलता आला पाहिजे, आणि तो भाग कापून देणारा माणूस तालुक्यात असला पाहिजे, तो मीच असले पाहिजे असं नाही.

वाहतुकीचं पण बोलायला पाहिजे. जोडलेला बाक म्हणजे बरीचशी हवाच ट्रकमध्ये भरून न्यायची. भाग सपाट रचून न्यायचे आणि जागेवर जोडायचे ही युक्ती जुनी आहे, थोनेट कंपनीची १४ नंबरची लाकडी खुर्ची १८५९ ची, तिचे सहा भाग सुटे करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात जायच्या. आयकियाने १९५६ पासून तेच केलं आणि आता तुर्भ्याला त्यांच्या दुकानात माणसं रांगा लावून खोकी घेऊन येतात. आमचा हिशोब सांगते, २५ शीट म्हणजे लहान मापाचे ५० बाक, आणि १८ एमएमच्या २५ शीटचा ढीग दीड फूट उंच पण होत नाही. एका पिकअपमध्ये पन्नास बाक गेले. आणि आपल्याकडे अशा वस्तीशाळा आहेत जिथे पिकअप पण शेवटपर्यंत जात नाही, पुढची वाट पायीच चढावी लागते. जोडलेला लोखंडी बाक तिथे चार माणसांनी खांद्यावर न्यायचा, म्हणून कित्येकदा तो खालच्या शाळेतच उतरवला जातो. सुटी पाटी एक माणूस काखेत मारून नेतो.

आता तुमच्या बाजूने जे आक्षेप येतील त्यांचं पण सांगते, कारण ऑफिसमध्ये तोंडी ते ऐकून झालेत. प्लायला पाणी आणि वाळवी लागते. बरोबर आहे, साध्या कमर्शियल प्लायला लागतेच. म्हणून ग्रेड टेंडरमध्येच लिहा, आयएस ७१० चा मरीन प्लाय पावसाळी भागासाठी, आणि इतर ठिकाणी आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय. तळाच्या उघड्या कडांना सीलर, खाली रबरी बूट, म्हणजे फरशी धुतली तरी कड पाण्यात राहत नाही. आणि शिक्का खरा आहे का ते तपासायला शीट फाडून बघायची आमची तयारी आहे, तुमच्या माणसासमोर. मरीन प्लायचा बाक पहिल्या दिवशीच्या किमतीला पाइपच्या बाकापेक्षा महाग पडू शकतो हेही मी आत्ताच सांगते. पण पाच-सात वर्षांत तो ढिगात किती वेळा जातो हे धरून किंमत काढा ना. आता टेंडरमध्ये सगळ्यात कमी दर एवढंच बघितलं जातं.

दुसरा आक्षेप, ही मशीनवरची खेळणी, टिकणार नाही. याला माझ्याकडे वादावादी नाही, तपासणी आहे. जवळच्या सरकारी पॉलिटेक्निकला नेऊ, वजन ठेवू, ढकलू, पाडू, सगळ्यांचे बाक शेजारी शेजारी ठेवून. आमचा मोडला तर आम्ही बाद, तक्रार करणार नाही.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

१. टेंडरची मुदत वाढवून शुद्धिपत्रक काढा. आहे त्या अटींवर ते उघडू नका.

२. किमान तीन मापं करा, पहिली-दुसरी, तिसरी ते पाचवी, सहावी-सातवी. आणि मापं ठरवायच्या आधी आपल्याच जिल्ह्यातल्या थोड्या शाळांमधून मुलांची उंची आणि बैठकीचं माप घ्या, शिक्षक हे एका दुपारी करतात, आमच्या बाईंनी केलं. कुठल्या शाळेला कुठलं माप किती हवं हे मुख्याध्यापकांना विचारून मागवा.

३. पाइप की प्लाय की बांबू हे लिहू नका. वजन, सांध्याची ताकद, पाण्याची चाचणी, धारदार कडा नसणं, मुलांच्या बोटांना चिमटा बसेल अशी फट नसणं, हे लिहा. चाचणी सगळ्यांना सारखी.

४. लॉट तालुकानिहाय फोडा, जमलं तर केंद्रनिहाय. छोट्या लॉटला उलाढालीची आणि आधीच्या सरकारी पुरवठ्याची अट नको, त्याऐवजी नमुना बाक चाचणीत पास झाला पाहिजे ही अट ठेवा.

५. पाच वर्षं सुटे भाग पुरवायची हमी आणि त्याचे दर टेंडरमध्येच मागवा. कोणी पण पुरवठादार असो, त्याच्या बाकाचं ड्रॉइंग जिल्हा परिषदेच्या मालकीचं करून वेबसाइटवर टाका. म्हणजे उद्या तो पुरवठादार धंदा बंद करून गेला तरी तालुक्यातला कोणताही सीएनसीवाला तो भाग कापू शकतो, आणि जिथे मशीन नाही तिथे सुतार त्याच ड्रॉइंगची पूर्ण मापाची प्रिंट प्लायवर चिकटवून करवतीने कापू शकतो. लंडनच्या ओपनडेस्क नावाच्या फर्निचर कंपनीने २०१३ मध्ये असंच सुरू केलं, बरीच ड्रॉइंग खुली ठेवायची आणि फर्निचर आपल्या जवळच्या वर्कशॉपकडून कापून घ्यायचं. आपल्या शाळेसाठी आपण का नाही?

६. माल ताब्यात घेताना शाळा व्यवस्थापन समितीची सही बंधनकारक करा. पंचायत समितीच्या गोडाऊनमध्ये उतरवून तिथेच तपासणी झाली असं दाखवू नका, प्रत्यक्ष वर्गात, मूल बसवून बघू दे.

७. हे सगळं एकदम जमणार नसेल तर एका केंद्रातल्या शाळांमध्ये एक वर्ष करून बघा, पाइपचे आणि दुसरे बाक दोन्ही ठेवा, मोडतोडीची नोंदवही ठेवा, आणि ती नोंद जाहीर करा. तेवढ्या काळात बाकीची खरेदी थांबवा असं मी म्हणत नाही, जिथे मुलं जमिनीवर ओलीत बसतात तिथे आत्ता बाक पाहिजेच. पण मापं तरी बरोबर करून घ्या, त्याला तर कुठल्या नव्या मशीनची गरज नाही, पाइपवाला कारखाना पण सांगितलं तर ५३ सेंटिमीटरचा बाक करून देईल.

साहेब, शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. या पत्रातलं दुसरं काहीच पटलं नाही, सीएनसी नको, प्लाय नको, आम्ही नको, तरी क्रमांक दोनची मागणी एकटी मान्य करा. तिला फारसा पैसा लागत नाही.

प्री-बिड (टेंडर भरण्याआधीच्या) मीटिंगमध्ये आम्हाला बोलू दिलं नाही, अटी पूर्ण करत नाही म्हणून. म्हणून विनंती आहे की पुढच्या पंधरा दिवसात एक दिवस ठरवून आम्हाला, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या प्रतिनिधींना आणि दोन-चार मुख्याध्यापकांना अर्धा तास द्या. तिन्ही मापांचे नमुने आम्ही आमच्या खर्चाने जिल्हा परिषदेच्या आवारात आणून तुमच्यासमोर जोडून दाखवू. आमच्या बाकाची सगळी ड्रॉइंग पेन ड्राइव्हमध्ये घालून या पत्राच्या प्रतीसोबत आवक विभागात दिली आहेत, ती तुम्ही कोणालाही द्या, टेंडर भरणाऱ्या आमच्या स्पर्धकाला दिली तरी हरकत नाही. उत्तर लेखी पाहिजे, होकार असो वा नकार, आणि नकार असेल तर कारणासहित.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतल्या एका मुलीची आई, आणि तालुक्यातली एक सुतार